रिफर्बिश्ड संगणक घ्या, पण हार्ड डिस्क नवीच हवी

कराडजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. गेली नऊ वर्षे त्या घरातल्याच एका खोलीत लग्नाचे अल्बम, पत्रिका आणि शाळांची ओळखपत्रे तयार करण्याचा व्यवसाय करतात. त्यांच्या लांबलचक पत्राचा आशय थोडक्यात असा:

"माझा संगणक २०१४ सालचा आहे. कोअर आय ३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. अल्बमचे एक पान फोटोशॉपमध्ये उघडेपर्यंत माझा चहा करून होतो. बचत गटातून ३५,००० रुपयांचे कर्ज मंजूर झाले आहे. दुकानदाराने दोन पर्याय सांगितले. एक, मोठ्या कंपनीतून निघालेला रिफर्बिश्ड सेट: कोअर आय ५, आठवी पिढी, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि १ टीबी हार्ड डिस्क, १९,५०० रुपयांना, तीन महिन्यांच्या वॉरंटीसह. दुसरा, सगळे नवे भाग जोडून केलेला संगणक, ४६,००० रुपयांना. भाचा म्हणतो, रिफर्बिश्ड सेटच घे आणि वर एक जुने ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन मागव. दीर म्हणतात, दुसऱ्याने वापरून टाकलेली वस्तू धंद्यात आणायचीच नाही, हवे तर थोडे हातउसने घेऊ. लग्नसराई तोंडावर आली आहे. मी काय करावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागून येतील. १९,५०० रुपयांचा रिफर्बिश्ड सेट तुम्ही घ्यावा असे माझे मत आहे. मात्र त्यातली १ टीबीची हार्ड डिस्क दुकानदाराकडेच ठेवून तेवढी किंमत कमी करून घ्यावी, रोजच्या कामासाठी ५०० जीबीची नवी एसएसडी बसवावी आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक नवी, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्यावी. ग्राफिक्स कार्डाचा विचार सोडून द्यावा. या सगळ्याचे कोटेशन दुकानदाराकडून लेखी मागून घ्या. माझ्या हिशेबाने ३५,००० रुपयांत भागून थोडे पैसे उरावेत, आणि ते यूपीएसच्या नव्या बॅटरीला लागतील.

तुमच्या दिरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सगळ्या भागांना सारखे लागू पडत नाही. संगणक ही एक वस्तू नसून आठ-दहा वेगवेगळ्या वस्तूंची मोट असते आणि त्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या रीतीने म्हातारी होते. त्यामुळे एखादा भाग जुना घ्यावा की नवा, हे ठरवताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: हा भाग उद्या बंद पडला तर त्याच्याबरोबर आणखी काय जाईल? प्रोसेसर गेला तर प्रोसेसर जातो. हार्ड डिस्क गेली तर तिच्यावर साठवलेले एखाद्याचे लग्न जाते, आणि ते पुन्हा लावता येत नाही. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, गेला तर जाता जाता मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) आणि डिस्कही घेऊन जाऊ शकतो. ज्याच्या जाण्याने फक्त पैशाचे नुकसान होते, तो भाग जुना घ्यायला माझी हरकत नसते.

पुढे जाण्याआधी एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे, कारण बाजारात तो फार सैल वापरला जातो. रिफर्बिश्ड म्हणजे केवळ वापरलेला नव्हे. जुने यंत्र उघडून, तपासून, खराब भाग बदलून, साफ करून आणि काही मुदतीची हमी देऊन पुन्हा विकले, तर त्याला रिफर्बिश्ड म्हणता येते. आपल्याकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत रिफर्बिशिंग करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात मात्र गावोगावच्या दुकानांत लॉटमधून आलेला माल ब्लोअरने धूळ उडवून, विंडोज नव्याने टाकून, तोच शब्द लावून विकला जातो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा की या यंत्रात त्यांनी नेमके काय उघडले, काय बदलले आणि काय तपासले. ज्याने खरोखर काम केले आहे तो अडखळत नाही. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली, पंखा साफ केला, रॅम रात्रभर तपासली, असे तो पटापट सांगतो.

आता एकेका भागाकडे येऊ. प्रोसेसरमध्ये हलणारे काहीच नसते, आणि कार्यालयात आठ तास एक्सेल आणि ईमेलसाठी चाललेल्या प्रोसेसरची झीज जवळजवळ नगण्य असते. आठव्या पिढीचा आय ५, म्हणजे बहुधा ८५०० किंवा ८४००, हा सहा कोअरचा प्रोसेसर आहे आणि अल्बमच्या कामाला तो आजही पुरेसा आहे. (जुना प्रोसेसर निर्धास्त घ्यावा या माझ्या मताला एक अपवाद आहे: इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही ताकदवान प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या सेटशी त्याचा संबंध नाही, पण कोणी त्या पिढीचा जुना आय ७ किंवा आय ९ स्वस्तात देऊ केला तर ही गोष्ट ध्यानात असू द्या.)

प्रोसेसरची पिढी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. चार अंकी आकड्यातला पहिला अंक पिढी सांगतो: ८५०० म्हणजे आठवी, ६५०० म्हणजे सहावी. बाहेरून दोन्ही सेट हुबेहूब दिसू शकतात आणि ऐनवेळी "ताई, आय ५ च आहे की" असे म्हणून सहाव्या पिढीचा सेट पुढे केला जातो. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालते, एखाददुसरा अपवाद सोडला तर. तुमचा जुना आय ३ त्यामुळेच मागे पडला. सहाव्या पिढीचा सेट चार-पाच हजारांनी स्वस्त मिळाला तरी तुम्ही पुन्हा त्याच जागी येऊन उभ्या राहाल.

रॅम जुनी चालते, आणि सध्या तर जुनी मिळत असेल तर ती सोडू नये. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. तुम्हाला नव्या संगणकाचा ४६,००० रुपये भाव सांगितला गेला, त्यातही या वाढीचा वाटा असणार. कंपनीतून निघालेल्या सेटमध्ये १६ जीबी रॅम आधीपासून बसवलेली आहे, हा या सौद्यातला मोठा फायदा आहे. पण रॅम तपासून घेणे अगत्याचे आहे, कारण सदोष रॅम संगणक बंद पाडण्याऐवजी गुपचूप फाइली बिघडवते. अल्बमचे पान नीट दिसत असते, तुम्ही सेव्ह करता, आणि चार दिवसांनी उघडल्यावर अर्धे पान राखाडी पट्ट्यांनी भरलेले असते. मेमटेस्ट८६ नावाचा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवता येतो. तो रात्रभर चालू द्यायचा आणि सकाळी एकही चूक नोंदलेली नसावी. एक चूक म्हणजे किरकोळ दोष, असे इथे नसते. एक चूक आली तरी ती पट्टी बदलून मागा.

मदरबोर्डबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयीन यंत्रांतले बोर्ड दणकट असतात आणि सात-आठ वर्षांनंतरही बहुतेक नीट चालतात. त्यावरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी तेवढी नवी घालून घ्या, नाहीतर वीज गेल्यावर दर वेळी तारीख मागे जाईल आणि बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळे उघडायला नकार देतील.

हार्ड डिस्कवर मात्र मी सविस्तर लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका छायाचित्रकाराने माझ्याकडे संगणक आणला. संगणक हळू चालतो, एवढीच त्यांची तक्रार होती. आतली १ टीबीची डिस्क त्यांनी आठ महिन्यांपूर्वी एका विक्रेत्याकडून नवी म्हणून घेतली होती. वरचे लेबल कोरे करकरीत होते, एक ओरखडाही नव्हता. मी डिस्कची प्रकृती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडला. वर पिवळ्या चौकोनात सावधानतेचा इशारा होता आणि उजवीकडे डिस्क चालू राहिल्याचे तास लिहिले होते: ४१,००० पेक्षा थोडे जास्त. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे ती डिस्क साडेचार वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस फिरली होती. बहुधा एखाद्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये. मी लगेच फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवायला घेतले, पण वाचता न येणाऱ्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या साठवणुकीच्या कप्प्यांची, संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली आणि दुपारी चारच्या सुमारास आतून टक्-टक् असा आवाज सुरू झाला. तीन लग्नांपैकी दोन पूर्ण निघाली. तिसऱ्याची हळद गेली. त्या कुटुंबाला ही गोष्ट सांगायचा धीर छायाचित्रकारांना होईना, म्हणून फोन मी केला. तो फोन मला अजून आठवतो आणि तुमचे पत्र वाचताना तोच डोळ्यांसमोर होता.

तास पाहिले की झाले, असेही समजू नका. ते आकडे पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत असाच प्रकार उघडकीस आला. डेटा सेंटरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेट कंपनीच्या डिस्क मधल्या विक्रेत्यांच्या साखळीतून नव्या म्हणून ग्राहकांच्या हाती पडल्या होत्या, आणि त्यांचे नेहमीच्या जागी दिसणारे तास शून्यावर आणून ठेवले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक अंतर्गत नोंद असते, ती पुसली गेली नव्हती, म्हणून चोरी पकडली गेली. डिस्कच्या आत चुंबकीय तबक्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते. अशा वस्तूचे आधीचे आयुष्य तुम्हाला ठाऊक नसेल, तर तिच्यावर दुसऱ्यांची लग्ने ठेवू नयेत.

तरीही कधी जुनी डिस्क घ्यायची वेळ आलीच, तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहाव्यात. रीॲलोकेटेड (बदली जागी हलवलेल्या), पेंडिंग (संशयास्पद) आणि अनकरेक्टेबल (दुरुस्त न होणाऱ्या) सेक्टरांची मोजणी तिथे असते आणि तिन्ही ठिकाणी शून्य असावे. तिथले आकडे सहसा षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणजे १० लिहिलेले असेल तर ते सोळा असते. दुकानदारही यात फसतात.

एसएसडीचे थोडे वेगळे आहे. तिच्यात हलणारे भाग नसतात, पण प्रत्येक लिखाणागणिक तिच्यातले माहिती साठवणारे सूक्ष्म कप्पे थोडे झिजतात, आणि किती लिखाण झेपेल हे कंपनी आधीच जाहीर करते. नामांकित कंपनीच्या ५०० जीबीच्या एसएसडीला साधारण ३०० टीबी लिखाणाची हमी असते. तुम्ही रोज ३० जीबी लिहिले तरी ते गाठायला दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षे लागतील. तेव्हा कंपनीतून आलेल्या २५६ जीबी एसएसडीची झीज ही मोठी अडचण नाही. तिचा आरोग्याचा टक्का ९० च्या आसपास असेल तर ती अजून बरीच चालेल. अडचण अशी की एसएसडी जाते तेव्हा बहुधा आवाज न करता, एका सकाळी, सगळे घेऊन जाते. म्हणून विंडोज, फोटोशॉप आणि चालू अल्बम नव्या एसएसडीवर ठेवा, आणि ती जुनी २५६ जीबीची फेकून न देता फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क म्हणून लावा. फोटोशॉप काम करताना तात्पुरत्या फाइली तिथे लिहीत-पुसत राहील, मुख्य एसएसडीवरचा भार हलका होईल, आणि ती उद्या गेली तरी तुमचे फार तर त्या क्षणाचे काम जाईल. दोन्ही एकदम बसतात का, म्हणजे डिस्क जोडायच्या एम.२ आणि साटा अशा दोन वेगळ्या जागा आहेत का, हे मात्र नवी घेण्याआधी झाकण उघडून पाहायला सांगा.

नवी एसएसडी घेताना नाव नसलेल्या कंपनीची घेऊ नका. दुकानात दोन-तीनशे रुपयांचा फरक दाखवून असा माल पुढे केला जातो. माझ्या अनुभवात नामांकित कंपनीची, थोडी वापरलेली एसएसडी ही बेनाव कंपनीच्या सीलबंद एसएसडीपेक्षा जास्त भरवशाची निघते. नवे म्हणजे चांगले, या तुमच्या दिरांच्या समजाला मी इथे नम्रपणे विरोध करीन.

एसएमपीएसच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. सुटा एसएमपीएस कधीही जुना घेऊ नये, हा माझा कायमचा सल्ला आहे. त्याच्या आतले कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती सुरळीत करणारे छोटे भाग, उष्णतेने वाळत जातात. तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीतच ४० अंश असतात, त्यावर धूळ आणि दिवसातून चार वेळा जाणारी-येणारी वीज. कित्येक जुने एसएमपीएस उघडल्यावर मी कॅपॅसिटरची डोकी फुगलेली आणि खाली तपकिरी चिकट द्रव जमलेला पाहिला आहे. असा एसएमपीएस अजून चालत असतो, पण त्यातून बाहेर पडणारी वीज स्वच्छ राहिलेली नसते. आता तुम्ही म्हणाल की रिफर्बिश्ड सेटमधला एसएमपीएसही जुनाच आहे, मग तो कसा चालतो? प्रामाणिक उत्तर असे की ही तडजोड आहे. कंपनीच्या यंत्रातला सात वर्षांचा एसएमपीएस आणि बाजारातला सात-आठशे रुपयांचा नवा एसएमपीएस यांत निवड करायची झाली तर मी पहिला घेईन. त्या स्वस्त डब्यावर ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, पण बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेले आढळते. गुणाकार करा: १९२ वॅट. आजच्या संगणकाला लागणारी बहुतेक सगळी वीज त्या १२ व्होल्टमधूनच जाते, त्यामुळे खरा आकडा तोच.

मात्र कंपनी यंत्रांची एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिटडेस्क, लेनोव्होची थिंकसेंटर यांसारख्या मालिकांतल्या अनेक यंत्रांत एसएमपीएसचा जोड नेहमीचा २४ पिनांचा नसतो, तो कंपनीचा खास असतो. त्यामुळे तो बिघडला तर चौकातल्या दुकानात दुसरा मिळेलच असे नाही. दुकानदाराला विचारा की या मॉडेलचा एसएमपीएस त्याच्याकडे शिल्लक आहे का आणि तो गेल्यास किती दिवसांत बदलून मिळेल. लग्नसराईत आठ दिवस संगणक बंद राहणे तुम्हाला परवडणार नाही, म्हणून या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरे दुकान पाहा. शक्य असेल तर बारीक, आडव्या कॅबिनेटऐवजी टॉवर मागा. त्यात हवा खेळती राहते आणि डिस्क बसवायला जागा असते.

तुमच्या भाच्याचे ग्राफिक्स कार्ड इथेच बाद होते. या यंत्रांचे एसएमपीएस बहुधा २०० ते २६० वॅटचे असतात आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाला त्यातून वीज पुरत नाही. शिवाय अल्बम जोडणे, रंग सुधारणे, मजकूर टाकणे या कामांना प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. जुन्या ग्राफिक्स कार्डांचा बाजारही जपून पाय टाकण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते चलन खणण्याचा धंदा एका दिवसात संपला. त्यानंतर महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डे मोठ्या संख्येने विक्रीला आली. त्यातली काही आजही हात बदलत फिरत आहेत. यात आणखी भर म्हणजे जुन्या कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आत साठवलेला मूळ प्रोग्रॅम, बदलून त्याला नव्या मॉडेलचे नाव देण्याची फसवणूक. भाच्याला पुढे स्वतःसाठी कार्ड घ्यायचे असेल तर त्याला सांगा की जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ते तपासल्याशिवाय आणि समोर अर्धा तास ताण देऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पार्सलने आलेल्या कार्डाची अशी परीक्षा पैसे देण्याआधी घेता येत नाही, हीच माझी ऑनलाइन जुन्या मालाविषयीची मुख्य तक्रार आहे.

दुकानात जाताना तुमच्या सर्वांत जड अल्बमची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानदार यूट्यूब उघडून दाखवेल, त्यावर समाधान मानू नका. तुमचीच फाइल फोटोशॉपमध्ये उघडा, पाने बदला, सेव्ह करा, आणि हे किमान तासभर चालू ठेवा. एवढ्यात पंखा घोंगावू लागला किंवा यंत्र मध्येच बंद पडून चालू झाले, तर थर्मल पेस्ट वाळलेली असण्याची किंवा एसएमपीएस थकलेला असण्याची शक्यता आहे. प्रत्येक यूएसबी पोर्टला पेन ड्राइव्ह लावून पाहा. यंत्र चालू होताना संगणकाचा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारे सेटिंगचे पान, उघडून दाखवायला सांगा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड लागलेला असेल तर तो सेट घेऊ नका, कारण उद्या साधी सेटिंग बदलायची झाली तरी तुम्ही अडून बसाल. आणि सर्वांत महत्त्वाचे, विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडल्यावर एखाद्या कंपनीच्या नावाने लॉग-इन मागितले जात नाही ना, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या. तसे होत असेल तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कंपनी यंत्रांच्या मदरबोर्डमध्येच बहुधा विंडोज प्रोचा परवाना साठवलेला असतो, त्यामुळे ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज सक्रिय असल्याचे दिसले पाहिजे. "क्रॅक मारून देतो" असे उत्तर स्वीकारू नका, लोकांचे आधार कार्डाचे फोटो ज्या संगणकावर येतात तिथे तर मुळीच नाही.

वॉरंटी तीन महिन्यांची सांगितली आहे, ती घासाघीस करून सहा महिने किंवा एक वर्षाची करून घ्या. त्यासाठी हजारभर रुपये जास्त द्यावे लागले तरी चालतील. काही दुकानांत टेस्टिंग वॉरंटी म्हणतात, तिचा अर्थ इतकाच की दुकानातून घरी नेऊन चालवून पाहीपर्यंत हमी. ती वॉरंटी नव्हे. बिल पक्के घ्या, कच्च्या पावतीवर समाधान मानू नका, आणि त्या बिलावर यंत्राचा अनुक्रमांक, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. नवी एसएसडी आणि नवी बाहेरची डिस्क यांची वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे त्यांचे बिल वेगळे घेतलेले बरे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही, असे कोणी सांगेल; पण स्वयंरोजगाराने स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी वस्तू घेणारी व्यक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरते, आणि तुम्ही त्यात बसता. दुकानदाराने शब्द फिरवला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तेव्हा हातात बिल असले की काम सोपे जाते.

आता हातउसन्याबद्दल. ४६,००० रुपयांचा नवा संगणक वाईट नाही. तुमच्याकडे पैसे असते तर मी तोही सुचवला असता. पण जास्तीचे ११,००० रुपये उसने घेऊनही त्या सेटमध्ये फोटोंच्या दुसऱ्या प्रतीची काही सोय नाही. पूर्ण नवा संगणक घेऊन फोटोंची एकच प्रत ठेवणे, यापेक्षा जुना संगणक घेऊन दोन प्रती ठेवणे तुमच्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने कितीतरी सुरक्षित आहे. बाहेरची डिस्क रोज संध्याकाळी जोडा, त्या दिवसाचे काम उतरवा आणि काढून कपाटात ठेवा. ती सतत जोडून ठेवलीत तर वीज पडली किंवा व्हायरस शिरला की दोन्ही प्रती एकदमच जातील. गिऱ्हाइकाने अल्बम ताब्यात घेतल्यानंतरही सहा महिने तरी मूळ फोटो पुसू नका.

वायरमनला बोलावून त्या खोलीतले अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ३ व्होल्टच्या आत फरक असावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवा-जुना कोणताही भाग तिथे टिकणार नाही. यूएसबीला लावलेल्या डिस्क खराब होण्यामागे हेच कारण मी अनेक घरांत पाहिले आहे.

शेवटी तुमच्या जुन्या संगणकाविषयी. नवा सेट घेताना दुकानदार तो बदल्यात हजार-दीड हजाराला मागेल. द्यायला हरकत नाही, पण आधी त्यातली ५०० जीबीची डिस्क स्वतःच्या डोळ्यांसमोर काढून घ्या. नऊ वर्षांची लग्ने आणि शाळेतल्या मुलांचे फोटो तिच्यावर आहेत. फॉरमॅट मारला तरी ते परत काढता येतात आणि ती डिस्क उद्या कोणाच्या हाती जाईल हे तुम्हाला कळणार नाही. तिच्यावरचे सगळे नव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. एवढे मोठे काम ती जुनी डिस्क किती दिवस पेलेल सांगता येत नाही, म्हणून नवा सेट घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तेच करा, सर्वांत अलीकडच्या लग्नापासून सुरुवात करून मागे जा. उतरवून झाले की तिच्यावर तारीख लिहून ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवून द्या. दुकानदाराने त्याबद्दल तीनशे रुपये कमी केले तर करू द्यात.